ध्येय कोणासाठी?

इ.स. १०९५ च्या उन्हाळ्यात बगदादच्या निजामिया मदरशात एक विलक्षण गोष्ट घडली. ज्यांच्या व्याख्यानाला तीनशे विद्यार्थी जमत, त्या अबू हामिद गझालींची जीभच चालेनाशी झाली. वर्गात बसावे, विद्यार्थ्यांचे मन राखण्यासाठी दोन शब्द बोलावेत असे त्यांना वाटे. पण तोंडून एक शब्द फुटत नसे. मग अन्नावरची वासना उडाली, घोटभर पाणीही घशाखाली उतरेना. वैद्यांनी तपासले आणि हा विकार मनातून शरीरात उतरला आहे, मन निवल्याशिवाय औषध लागू पडणार नाही, असे सांगून हात टेकले. ही हकीकत गझालींनी स्वतःच पुढे ‘अल-मुन्किझ मिन अद्-दलाल’ या आत्मकथनपर ग्रंथात नोंदवून ठेवली आहे.

तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्याही अलीकडे होते. खुरासानातल्या तूस गावी १०५८ मध्ये जन्म, पोरकेपणात गेलेले बालपण, निशापूरला इमामुल-हरमैन जुवैनींसारखा गुरू, आणि मग सल्जूक साम्राज्याचा वजीर निजामुल-मुल्क याच्या दरबारी प्रवेश. १०९१ मध्ये वजिराने त्यांना बगदादच्या निजामियात मुख्य अध्यापक नेमले. त्या काळच्या मुस्लिम जगात विद्वानाला याहून मोठे पद नव्हते. तत्त्वज्ञांच्या मतांचे खंडन करणारा ‘तहाफुत अल-फलासिफा’ हा त्यांचा गाजलेला ग्रंथही याच सुमारास पुरा झाला होता. तरुणपणी मनाशी धरलेले सगळे हाती आले होते.

मग बिघडले कुठे? गझालींनी याचे उत्तर कुणावर ढकलले नाही. आपण शिकवतो ते कशासाठी, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर मिळाले ते त्यांना हादरवणारे होते. ते शिकवणे अल्लाहसाठी नव्हते. नाव व्हावे, मान मिळावा, लोकांत बोलबाला राहावा या ओढीने ते चालले होते. सुमारे सहा महिने ते घुटमळत राहिले. सकाळी बगदाद सोडायचे ठरवावे आणि संध्याकाळी तो बेत मोडावा. अखेर मक्केला जातो असे जाहीर करून, मनात मात्र शामचा, म्हणजे सीरियाचा, रस्ता धरून ते निघाले. मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून उरलेली मालमत्ता त्यांनी वाटून टाकली होती.

ही कथा बहुधा इथेच थांबवली जाते आणि त्यातून वैराग्याचा धडा काढला जातो. ते पुरेसे नाही. कारण अकरा वर्षांनी, ११०६ मध्ये, हेच गझाली निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवायला बसले. तोच पेशा, तसाच मदरसा, आणि नेमणूक करणारा वजीर निजामुल-मुल्कचाच मुलगा. ध्येय बाळगावे की आजच्या क्षणात जगावे, या प्रश्नाला इस्लामी परंपरेने दिलेले उत्तर जाण्याच्या आणि परतण्याच्या या दोन्ही टोकांना धरूनच समजून घ्यावे लागते.

इमाम बुखारींनी आपल्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, पहिलीच हदीस घेतली आहे ती नियतीविषयीची. म्हणजे दैव नव्हे, मनातल्या हेतूविषयीची. कर्माचे मोल त्यामागच्या हेतूवर ठरते, असा तिचा आशय. पैगंबरांनी तिथे दिलेला दाखला हिजरतचा, म्हणजे मक्का सोडून मदिनेला जाण्याचा आहे. एक जण अल्लाह आणि त्याच्या प्रेषितासाठी निघाला, दुसरा काही ऐहिक लाभासाठी किंवा एखाद्या स्त्रीशी लग्न करता यावे म्हणून. वाळवंट तेच, रस्ता तोच, तहानही तीच. तरीही प्रत्येकाच्या पदरी पडते ते ज्यासाठी तो निघाला तेवढेच. या हदीसने ध्येयाची मोजपट्टीच बदलून टाकली. किती गाठले याच्या आधी, कोणासाठी निघालात हे विचारले जाते.

पण हेतू शुद्ध आहे म्हणून हातावर हात ठेवून बसण्याची मुभा इथे नाही. ‘सहीह मुस्लिम’मधल्या एका हदीसमध्ये पैगंबर सांगतात की दुबळ्या श्रद्धावानापेक्षा बळकट श्रद्धावान अल्लाहला अधिक प्रिय आहे, भले दोघांतही आहेच. जे हिताचे त्याची आस धरावी, अल्लाहची मदत मागावी, हतबल होऊ नये. आणि एवढे करूनही काही विपरीत घडले, तर मी असे केले असते तर तसे झाले असते, हा जप करत बसू नये. त्या ‘तर’मधून सैतानाला वाट मिळते. एका छोट्याशा उपदेशात महत्त्वाकांक्षा, प्रार्थना आणि पश्चात्तापाच्या चरकातून सुटका, तिन्ही आले आहेत. पुढचा प्रयत्न माणसाच्या हाती, मागचा निकाल त्याच्या हातून सुटलेला.

उंटाची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक असते. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले. खलिफा उमर यांच्या काळातला प्रसंग त्याहून बोलका आहे. हिजरी १८ च्या सुमारास ते शामकडे निघाले असता सरघ या ठिकाणी त्यांना कळले की पुढे प्लेगची साथ आहे. त्यांनी मक्केहून आलेल्या मुहाजिरांना विचारले, मदिनेच्या अन्सारांना विचारले, कुरैशांतल्या बुजुर्गांना विचारले आणि माघारी फिरण्याचा निर्णय घेतला. सेनापती अबू उबैदा यांना ते पटले नाही. अल्लाहने लिहिलेल्या विधानापासून पळ काढता काय, असे त्यांनी विचारले. होय, अल्लाहच्या एका विधानाकडून त्याच्याच दुसऱ्या विधानाकडे, असे उमर यांचे उत्तर होते. दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर उंट कुठेही चारले तरी ते अल्लाहच्या विधानानेच चरणार. मग हिरवी बाजू का निवडू नये? दैवाला मान देऊनही माणसाची अक्कल शाबूत ठेवणारा इतका स्वच्छ युक्तिवाद क्वचितच सापडतो. अबू उबैदा शाममध्ये आपल्या सैन्याजवळच राहिले आणि त्याच साथीत त्यांचा अंत झाला. परंपरेने दोघांनाही आदराने स्मरले आहे.

‘इन्शाअल्लाह’ या शब्दाचाही इथे विचार करायला हवा. कुराणातल्या ‘अल-कहफ’ या अध्यायात बजावले आहे की अमुक एक गोष्ट मी उद्या करीनच असे म्हणू नये, अल्लाहच्या इच्छेची जोड दिल्याशिवाय. यात उद्याचा बेत करायला मनाई नाही. मनाई आहे उद्यावर मालकी सांगण्याला. रोजच्या वापरात मात्र हा शब्द काम टाळण्याची पळवाट झाला आहे. पैसे कधी देणार, काम कधी होणार, या प्रश्नांना ‘इन्शाअल्लाह’ म्हणून वाटेला लावले जाते. कुराणाच्या दृष्टीने दिलेला शब्द पाळणे हे श्रद्धेचेच अंग आहे. तेव्हा वचन मोडण्यासाठी अल्लाहचे नाव पुढे करणे हा त्या आयतीचा सरळ अपमान आहे.

आता क्षणाकडे येऊ. इस्लाममध्ये क्षणाची शिस्त आधी अंगवळणी पडते, तत्त्वज्ञान नंतर येते. फज्र, जोहर, असर, मगरीब आणि इशा या पाच नमाजांच्या वेळा सूर्याच्या स्थितीवरून ठरतात. दुकान रंगात आलेले असो, मसलत निर्णायक टप्प्यावर असो, असरची वेळ झाली की हातातले काम बाजूला ठेवायचे. दिवसाचे ध्येय पाच जागी अडवले जाते. या वेळा अचूक काढता याव्यात म्हणून मोठ्या मशिदींत मुवक्कित, म्हणजे वेळ ठरवणारा जाणकार, नेमला जाऊ लागला. दमास्कसच्या उमय्यद मशिदीतला मुवक्कित इब्न अल-शातिर हा चौदाव्या शतकातला अव्वल दर्जाचा खगोलशास्त्रज्ञ. तिथल्या मिनारासाठी त्याने १३७१ च्या सुमारास भव्य छायायंत्र घडवले. त्याच मशिदीच्या मिनारात, त्याच्या जवळजवळ पावणेतीनशे वर्षे आधी, बगदादहून आलेले गझाली दार आतून लावून दिवस दिवस एकांतात बसत.

सूफींनी या शिस्तीला अंतर्मुख केले. अकराव्या शतकात निशापूरच्या कुशैरींनी आपल्या ‘रिसाला’त ‘वक्त’ या संकल्पनेला स्वतंत्र जागा दिली. सूफी हा आपल्या वेळेचा पुत्र असतो, हा सूफींमधला प्रचलित विचार त्यांनी नोंदवला आणि उलगडला. गेलेल्या घडीचा शोक नाही, येणाऱ्या घडीचे ओझे नाही. या घडीला जे करणे सर्वांत योग्य, त्यात माणूस गुंतलेला असावा. ऐकायला हे आजच्या ‘आत्ताचा क्षण जगून घ्या’ या उपदेशासारखे वाटेल. फरक मोठा आहे. आजचा उपदेश क्षणाला हिशेबातून मोकळा करतो, उपभोगायला सांगतो. कुशैरींचा क्षण काहीतरी मागतो. एखाद्या घडीला उपासना, एखाद्या घडीला आजाऱ्याची सेवा, एखाद्या घडीला गप्प राहणे. ती मागणी ओळखली नाही तर ती घडी हुकली.

गझालींनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या आपल्या चाळीस प्रकरणांच्या महाग्रंथात यावर पुरे प्रकरण खर्ची घातले आहे. त्यांची उपमा व्यापाऱ्याची आहे. भागीदाराला भांडवल देताना व्यापारी अटी घालतो, मग लक्ष ठेवतो, शेवटी हिशेब घेतो. तसे माणसाने फज्रच्या नमाजनंतर थोडा वेळ आपल्या मनाशी बसून करार करावा. आज मला आणखी एक दिवस मिळाला आहे, हेच माझे भांडवल; ते कुठे गुंतवणार? दिवसभर देखरेख, रात्री झाडाझडती. चूक सापडली तर मनाला जाब विचारायचा. पुढे ते एक चित्र उभे करतात. दिवसाच्या चोवीस तासांच्या चोवीस कोठड्या माणसासमोर एकेक करून उघडल्या जातील. सत्कर्माने भरलेल्या तासाची कोठडी प्रकाशाने भरलेली असेल, पापाची काळोखी आणि दुर्गंधीने भरलेली. तिसरी कोठडी निव्वळ रिकामी असेल, झोपेत किंवा गाफीलपणात गेलेल्या तासाची. त्या रिकाम्या कोठडीसमोर होणारी हळहळ गझालींनी मोठा नफा हातचा घालवलेल्या व्यापाऱ्याच्या हळहळीसारखी रंगवली आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. अंतिम ध्येय आखिरत, म्हणजे परलोकच, असेल, तर आजचा क्षण हे केवळ साधन झाले नाही का? पगारवाढीची वाट पाहणारा आणि स्वर्गाची वाट पाहणारा, दोघेही आजला उद्याकडे गहाण टाकतात, असे कुणी म्हटले तर? हा आक्षेप परंपरेच्या आतूनच सर्वांत धारदारपणे उमटला. आठव्या शतकात बसऱ्यात राबिया अल-अदविया ही स्त्री राहत होती. नरकाच्या धाकाने किंवा स्वर्गाच्या लोभाने केलेली भक्ती तिला मंजूर नव्हती. भक्ती व्हावी ती अल्लाहच्या प्रेमापोटी. तिच्याभोवती पुढे पुष्कळ दंतकथा जमल्या, पण तिने लावलेला कस टिकला. प्रेमापोटी केलेली प्रार्थना ती करत असतानाच पुरी होते, तिला बक्षिसाच्या दिवसापर्यंत थांबावे लागत नाही. सर्वसामान्य श्रद्धावान राबियाच्या उंचीवर चढू शकत नाही आणि कुराणही स्वर्गाची आशा आणि शिक्षेचे भय दोन्ही मोकळेपणाने जागवते. तरीही तिच्यामुळे एक गोष्ट पक्की झाली: उपासना हा उद्यासाठी केलेला सौदाच असतो, असे मग कुणाला म्हणता येईना.

मग घर, संसार, शेतीवाडी यांचे काय? याविषयी हन्झला यांची हकीकत फार जिव्हाळ्याची आहे. हे पैगंबरांच्या लेखनिकांपैकी एक. पैगंबरांचे निकटचे सोबती अबू बकर यांना भेटून ते व्याकूळपणे म्हणाले की आपण ढोंगी झालो आहोत. पैगंबरांजवळ बसले की स्वर्ग आणि नरक डोळ्यांपुढे दिसतात. घरी गेले की बायकामुले आणि जमीनजुमल्यात ते सारे विसरायला होते. अबू बकर यांनी कबूल केले की आपलेही तसेच होते. दोघे पैगंबरांकडे गेले. पैगंबरांनी सांगितले की तुम्ही सतत त्याच अवस्थेत राहिलात तर फरिश्ते तुमच्या बिछान्यांपाशी आणि रस्त्यांत येऊन तुमच्याशी हस्तांदोलन करतील. पण हन्झला, एक घडी अशी असते, एक घडी तशी. हे त्यांनी तीनदा सांगितले. मुलांशी खेळण्यातली घडी ही अधःपतनाची घडी ठरवली नाही, तिला तिची जागा दिली.

पैगंबरांचे दुसरे एक सोबती सलमान फारसी यांनी हेच आपल्या मित्राला कृतीने शिकवले. अबू दर्दा दिवसा रोजे आणि रात्री नमाज यात इतके बुडाले होते की त्यांच्या पत्नीने नीटनेटके राहणेही सोडून दिले होते. सलमान पाहुणे म्हणून आले. त्यांनी यजमानाला रोजा सोडून आपल्याबरोबर जेवायला लावले, रात्री वेळ होईपर्यंत झोपायला लावले, आणि पहाटेपूर्वी उठवून दोघांनी मिळून नमाज पढली. तुझ्यावर अल्लाहचा हक्क आहे, तुझ्या शरीराचा आहे आणि घरच्या माणसांचाही आहे. ज्याचा त्याला हक्क दे, असे त्यांनी समजावले. पैगंबरांनी सलमानचे म्हणणे खरे ठरवले. धर्माच्या नावाने केलेली एकांगी महत्त्वाकांक्षाही इथे अडवली गेली. अबू दर्दांच्या पत्नीची उपेक्षा त्या घरात दुसऱ्या कुणाला दिसली नव्हती, ती पाहुण्याला दिसली, हे आवर्जून लक्षात ठेवण्यासारखे आहे.

समाधानाबाबत कुराणाची भूमिका कडक आहे. संपत्तीच्या चढाओढीत माणसे कबरीपर्यंत पोचतात तरी भान येत नाही, हे एका छोट्या अध्यायाचे सूत्र आहे. सोन्याने भरलेल्या दोन दऱ्या मिळाल्या तरी माणूस तिसरी मागेल, असे हदीस सांगते. म्हणून गाठलेले ध्येय माणसाला तृप्त करील ही अपेक्षाच चुकीची ठरते. ‘अल-हदीद’ अध्यायात हातून निसटलेल्याचा शोक आणि मिळालेल्याचा माज, दोन्ही टाळायला सांगितले आहे. पण धनाढ्य कारूनच्या कथेत त्याला परलोकाची वाट धरण्याबरोबरच या जगातला आपला वाटा विसरू नकोस, हेही सांगितले जाते. सब्र आणि शुक्र, म्हणजे धीर आणि कृतज्ञता, या दोन सवयींतून या परंपरेने तृप्ती शोधली, आणि त्या दोन्ही निकालानंतर नव्हे, निकालाच्या आधीपासून जोपासायच्या असतात.

भारतीय उपखंडातल्या सूफींमध्ये संपत्ती आणि ध्येय यांबाबत एकमत कधीच नव्हते. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया यांनी जमिनीची इनामे नाकारली. न मागता जे येई ते वाटून टाकले जाई, आणि शुक्रवारच्या नमाजपूर्वी कोठारे रिकामी करून झाडून घेतली जात. उलट मुलतानचे बहाउद्दीन झकरिया धान्याची कोठारे आणि खजिना बाळगून होते. मन त्यात अडकले नाही तर संपत्ती असण्यात बाध नाही, अशी त्यांची धारणा. विसाव्या शतकात कवी इकबाल यांनी १९१५ च्या ‘असरार-ए-खुदी’त तर सांगितले की इच्छा आणि ध्येये घडवण्यानेच माणसाचे ‘स्व’ जिवंत राहते. कर्म सोडायला लावणारा सूफीवाद त्यांना घातक वाटला. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. हाताशी रोपटे असताना कयामत आली तरी जमले तर ते लावूनच टाकावे, ही हदीस सूफींनीही ऐकली होती. जे फळ खाता येणार नाही, ज्याची सावलीही मिळणार नाही, ते झाड लावणे हेच ध्येय आणि क्षण यांच्यातल्या भांडणाला इस्लामचे सर्वांत थेट उत्तर आहे.

गझालींच्या परतण्याकडे याच नजरेने पाहायला हवे. दमास्कस, जेरुसलेम, हेब्रॉन, मक्का, मदिना असा प्रवास झाला. हेब्रॉनला हजरत इब्राहिमच्या कबरीपाशी त्यांनी सुलतानाचा पैसा घेणार नाही, त्याच्या दरबारी जाणार नाही आणि वादविवादाच्या फडात उतरणार नाही, असा निश्चय केला. मुलाबाळांच्या ओढीने ते घरी आले. पुढे निशापूरला पुन्हा अध्यापन स्वीकारले तेव्हा त्यांनी स्पष्ट लिहिले की बाहेरून पाहता आपण परतलो असलो तरी हे परतणे नव्हे. पूर्वी आपण ज्याने प्रतिष्ठा मिळते ती विद्या शिकवत होतो, आता ज्याने प्रतिष्ठेचा मोह सुटतो ती शिकवतो. हा दावा त्यांनी नम्रतेने, शंकेला जागा ठेवून केला. सत्ताधाऱ्यांनी दिलेले पद घेऊन हेब्रॉनचा निश्चय किती पाळला गेला, हा प्रश्न अभ्यासक आजही विचारतात आणि तो विचारायलाच हवा. पण बगदादचे बोलावणे पुन्हा आले तेव्हा त्यांनी ते नाकारले. शेवटची वर्षे तूसमध्ये, घराजवळच्या मदरशात आणि खानकाहमध्ये, म्हणजे सूफी मठात, थोड्या शिष्यांना शिकवण्यात गेली. डिसेंबर ११११ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

या साऱ्याचा एक धागा महाराष्ट्रातही पोचला आहे. १३०८ मध्ये पन्नाशी उलटलेला दरबारी कवी अमीर हसन सिज्झी निजामुद्दीन औलियांच्या बैठकीत ऐकलेले टिपून ठेवू लागला. सुरुवातीला ग्रंथ लिहिण्याची आखणी नव्हती. जे कानी पडले ते त्याच दिवशी नीट उतरवायचे, एवढेच. पुढे त्याने ती टिपणे गुरूंना दाखवली, तेव्हा मोकळ्या सोडलेल्या जागा गुरूंनी भरून दिल्या. १३२२ पर्यंत चाललेल्या या नोंदींतून ‘फवाइद अल-फुआद’ तयार झाला आणि निजामुद्दीनांच्या चिश्ती सूफी परंपरेच्या अभ्यासाचा तो आजही पाया आहे. मुहम्मद तुघलकाच्या काळात हसन दौलताबादला आला आणि खुलताबादच्या मातीत त्याचे दफन झाले. खुलताबादला जाणारे बहुतेक जण औरंगजेबाची कबर पाहून माघारी वळतात. त्यांनी वेळ काढून हसन सिज्झीच्या कबरीपाशीही जावे.